मोकळी जागा आणि उघडें दार

मुंबईच्या चर्नी रोड स्थानकावरून आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण गेले असतील. परंतु ह्या नांवाचा अर्थ काय असावा, हा विचार थोड्यांच्याच मनांत आला असेल. त्याची एक उपपत्ति अशी सांगतात. पूर्वीं किल्ल्याबाहेरच्या मैदानावर गुरें चारण्यास कोणासही आडकाठी नव्हती. पुढें सरकारनें चराईवर कर बसविला, तेव्हां ज्यांच्या दारीं एखादीच गाय होती अशा गरिबांची मोठी पंचाईत झाली. हें पाहून शेट जमशेटजी जीजीभाई यांनीं १८३८ सालीं ठाकुरद्वाराजवळ समुद्राच्या बाजूस पदरच्या पैशानें जमीन विकत घेतली व ती गुरांच्या चरणीसाठीं मोफत खुली केली. चरणीवरून चर्नी, अशी ही हकीकत आहे. नांवाविषयीं दुसरेंही एक मत आहे. त्या वादांत आपणांस शिरावयाचें नाहीं. ह्या हकीकतींतील एकच गोष्ट आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाची आहे. किल्ल्याबाहेरचें मैदान कर बसण्यापूर्वींही होतें व नंतरही होतें. गवतही तेंच होतें. बदललें तें एवढेंच कीं, तेथें कोणी जावें व कोणी जाऊं नये!

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. मोकळी हवा, झाडें, मैदानें व पाण्याचे कांठ यांचा मनुष्याच्या आयुष्यावर फार मोठा परिणाम होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपण बहुधा 'गांवांत मैदान आहे काय?' एवढेंच विचारून थांबतों. आमच्या मतें ह्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: तें मैदान कोणाला, केव्हां आणि किती सहज मिळतें? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचीं आयुष्यें कशीं घडलीं व बिघडलीं, तें आपण मुख्यतः मुंबईच्या उदाहरणानें पाहूं.

मैदानें आलीं कोठून?

मुंबईच्या दक्षिण भागांत आज ओव्हल, क्रॉस, आझाद व कूपरेज अशीं चार मैदानें आहेत. हीं चारही पूर्वीं एकाच विस्तीर्ण मैदानाचे भाग होते. त्या मैदानास इंग्रज लोक एस्प्लनेड म्हणत. ही जागा मोकळी ठेवण्याचें कारण मुलांचें खेळणें किंवा लोकांचें आरोग्य हें नव्हतें. शत्रु चालून आला तर किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्यास मध्यें घरादारांचा आडोसा होऊं नये, एवढाच त्यांतला हेतु होता. पुढें सर बार्टल फ्रीअर हे गव्हर्नर असतां, १८६२ नंतरच्या वर्षांत, किल्ल्याचे तट पाडण्यांत आले. तोफांचें काम संपलें. पण मोकळी जागा बरीचशी राहिली, आणि जी जमीन युद्धासाठीं राखली होती ती खेळासाठीं उपयोगीं पडली.

तथापि तिचा उपयोग सर्वांनीं सारखाच करावा, असें मात्र झालें नाहीं. १८७५ सालीं गोऱ्या लोकांनीं स्वतःचा जिमखाना काढला. त्यांचें क्रिकेटचें पटांगण निराळें होतें व तेथें हिंदी लोकांस खेळतां येत नसे. असें असूनही पोलो खेळण्यासाठीं हे लोक आपले घोडे उरलेल्या सार्वजनिक मैदानावर आणीत. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडून जाई व पारशी, हिंदु आणि मुसलमान तरुणांनीं मेहनतीनें सारखी केलेली जागा क्रिकेटच्या कामाची राहत नसे. ह्या तरुणांनीं हाणामारी केली नाहीं. त्यांनीं सरकाराकडे अर्ज केले. १८८१ सालच्या अर्जावर शेंकडों खेळाडूंच्या सह्या होत्या. मूठभर स्वारांच्या करमणुकीसाठीं शेंकडों मुलांचा खेळ बंद पडावा काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. हा वाद कित्येक वर्षें चालला. पुढें समुद्रांत भर घालून काढलेल्या जमिनीवर पारशी, मुसलमान व हिंदु जिमखान्यांस सरकारानें वेगवेगळ्या जागा दिल्या. हिंदु जिमखाना १८९४ सालीं सुरू झाला. खेळावयास जागा मिळाली हें खरें. परंतु ती जातीधर्माच्या कुंपणांसह मिळाली, हेंही विसरून चालणार नाहीं.

कुंपणाच्या आंतील कुंपण

ह्या दुसऱ्या कुंपणाची कल्पना यावी म्हणून एका थोर खेळाडूचें चरित्र येथें थोडक्यांत देतों. पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं, त्या काळीं अस्पृश्य गणल्या गेलेल्या चांभार कुटुंबांत झाला. पुण्यास एका युरोपियन क्लबांत ते लहान वयांत नोकरीस राहिले. पगार महिना चार रुपये. मैदान झाडणें, रूळ फिरविणें, जाळी बांधणें हें त्यांचें काम. साहेबलोकांस सराव हवा म्हणून त्यांच्याकडे चेंडू टाकण्याचें कामही बाळूंकडे आलें, आणि तेथेंच त्यांची अपूर्व गोलंदाजी तयार झाली. पुढें हिंदु संघास त्यांच्यावांचून जिंकणें कठीण होऊं लागलें, तेव्हां त्यांस संघांत घेण्यांत आलें. मैदानावर सर्वांनीं त्यांच्या हातचा चेंडू झेलावा, आणि चहाच्या वेळीं मात्र त्यांस बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा द्यावा, असा प्रकार चाले! १९११ सालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला, त्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ गडी बाद केले. हिंदु संघाचें नेतृत्व मात्र त्यांस कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

ह्या चरित्रापासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मैदानाची वाट एकदां मिळाली, मग ती झाडू मारण्याच्या निमित्तानें कां असेना, म्हणजे मनुष्याचें गुप्त सामर्थ्य प्रकट होतें. दुसरी गोष्ट अशी कीं, बाळूंसारखीं किती मुलें त्या पुण्याच्या क्लबाच्या बाहेरच राहिलीं असतील, याची गणती कोणत्याही धावफलकावर सांपडणार नाहीं.

सार्वजनिक जागेचें दार नेहमीं लोखंडाचेंच असतें असें नाहीं. तें लोकांच्या मनांतही असूं शकतें, व मनांतलें दार कायद्यानें लगेच उघडत नाहीं. याचें सर्वांत बोलकें उदाहरण मैदानाचें नसून तळ्याचें आहे. १९२३ सालीं रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या सूचनेवरून मुंबई कायदे कौन्सिलानें ठराव केला कीं, सरकारी खर्चानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादि सार्वजनिक जागा अस्पृश्य मानलेल्या लोकांसही खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनें त्यानुसार १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचें ठरविलें. कागदावर तळें उघडलें. परंतु तीन वर्षें लोटलीं तरी त्या लोकांपैकीं कोणाची पाण्याजवळ जाण्याची छाती झाली नाहीं. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्यावरून मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' झाली व कोर्टकज्जा झाला. १९३७ सालीं मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनें लागला. जागा खुली आहे असें म्हणणें आणि तेथें निर्भयपणें जातां येणें, या दोहोंमध्यें किती अंतर असूं शकतें, हें महाडानें महाराष्ट्रास शिकविलें.

प्लेग आणि शिवाजी पार्क

आतां पुन्हां मुंबईकडे वळूं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. दाट वस्तीच्या, उजेड व वारा नसलेल्या चाळींत त्यानें हाहाकार केला. त्यानंतर १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नांवाचें मंडळ स्थापन झालें व उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या बाजूस नव्या वस्त्या आंखण्यांत आल्या. रस्ते रुंद ठेवावे, इमारतींमध्यें अंतर सोडावें व वस्तीच्या पोटांत बागा राखाव्या, हा धडा प्लेगानें दिला होता. त्याच भागांत नगरपालिकेनें १९२५ सालीं जें मोठें मैदान लोकांस खुलें केलें, त्यास १९२७ सालीं शिवाजी पार्क हें नांव मिळालें.

ह्या मैदानाचें क्षेत्र सुमारें २८ एकर आहे. भोंवतीं एक किलोमीटरहून किंचित् अधिक लांबीचा बसका कट्टा आहे, आणि आमच्या मतें त्या कट्ट्यांतच ह्या मैदानाचें रहस्य आहे. तो भिंतीप्रमाणें अडवीत नाहीं. उलट येणाऱ्यास 'बैस' म्हणतो. सकाळीं फिरावयास येणारे वृद्ध, दुपारीं सांवलीस टेकणारा फेरीवाला, संध्याकाळीं पुस्तक घेऊन बसणारा विद्यार्थी, या सर्वांस त्यावर जागा आहे. येथें बसण्यास वर्गणी नाहीं, चिठ्ठी नाहीं व कोणाची ओळखही लागत नाहीं. सुनील गावसकर, अजित वाडेकर, सचिन तेंडुलकर यांच्यासारख्या खेळाडूंचीं नांवें ह्या मैदानाशीं जोडलेलीं आहेत. त्यांपैकीं कोणाच्याही घराला स्वतःचें अंगण असण्याची गरज पडली नाहीं. गांवाचें अंगण त्यांना पुरलें.

मैदानाचें आणखी एक कार्य आहे, तें म्हणजे समाजास एकत्र आणणें. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांना निरोप देण्यास अफाट जनसमुदाय जमला, तो गिरगांवच्या चौपाटीवर. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं 'चले जाव'चा ठराव झाला, तो गवालिया तलावाच्या मैदानावर. जें शहर आपल्या मोकळ्या जागा गमावतें, तें आपली सभेची जागाही गमावतें.

शास्त्र काय सांगतें?

मोकळ्या जागेचा उपयोग केवळ मनाच्या समाधानापुरता आहे, असें समजणाऱ्यांनीं पुढील तीन गोष्टींकडे लक्ष द्यावें.

पहिली गोष्ट डोळ्यांची. चीनमधील ग्वांगझू शहरांत बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. सहा शाळांतील पहिल्या इयत्तेच्या मुलांस रोज ४० मिनिटें अधिक वेळ शाळेबाहेरच्या उजेडांत नेण्यांत आलें. उरलेल्या सहा शाळांत नेहमींचाच क्रम ठेवला. तीन वर्षांनीं पाहतां नेहमींच्या शाळांत शेंकडा सुमारें ४० मुलांस नव्यानें लघुदृष्टि जडली होती. बाहेर जाणाऱ्या मुलांत हें प्रमाण शेंकडा सुमारें ३० होतें. बाहेरचा प्रकाश खोलींतील दिव्यापेक्षां कितीतरी पटींनीं प्रखर असतो, व त्या प्रकाशानें डोळ्याच्या पडद्यांत जें द्रव्य उत्पन्न होतें त्यामुळें डोळ्याचा गोल वाजवीपेक्षां लांबत नाहीं, असें शास्त्रज्ञ मानतात. 'खेळ पुरे, आतां अभ्यासास बैस' असें म्हणणाऱ्या पालकांनीं हा प्रयोग ध्यानांत ठेवावा.

दुसरी गोष्ट आजाऱ्यांची. अमेरिकेंत रॉजर उल्रिच नांवाच्या संशोधकानें एका रुग्णालयांतील १९७२ ते १९८१ पर्यंतचीं टिपणें तपासून १९८४ सालीं आपला निष्कर्ष मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या त्यानें २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडींतील एकाच्या खिडकींतून झाडें दिसत, दुसऱ्याच्या खिडकींतून विटांची भिंत दिसे. झाडें पाहणारे रोगी लवकर घरीं गेले व त्यांस वेदना शमविण्याचीं तीव्र औषधें कमी लागलीं. केवळ खिडकींतून दिसणाऱ्या झाडांचा हा गुण!

तिसरी गोष्ट सर्वांचीच. इंग्लंडांतील जवळजवळ २०,००० लोकांची विचारपूस करून २०१९ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, जे लोक आठवड्यांतून एकूण दोन तास तरी निसर्गाच्या सान्निध्यांत घालवितात, ते आपलें आरोग्य व समाधान चांगलें असल्याचें अधिक प्रमाणांत सांगतात. अर्थात् निरोगी माणसें मुळांतच अधिक फिरतात, असाही आक्षेप येथें घेतां येईल, व तो अगदींच निराधार नाहीं. तथापि आठवड्यास दोन तास म्हणजे दिवसास सतरा-अठरा मिनिटें. एवढें औषध घेऊन पाहण्यास कोणाची हरकत असावी?

आजची स्थिति

हें औषध मिळण्यास मात्र जागा पाहिजे. मुंबईंत दर माणशीं मोकळी जागा सुमारें सव्वा चौरस मीटर पडते, असें सांगण्यांत येतें. मोठ्या माणसास त्यांत पाय पसरून निजतांही येणार नाहीं! भारत सरकारच्या २०१४ सालच्या नगररचनेच्या मार्गदर्शनांत दर माणशीं १० ते १२ चौरस मीटर जागा असावी असें म्हटलें आहे. शिवाय ही सरासरी आहे. ज्याच्या इमारतीखालीं बगीचा आहे त्याचीही ती, व ज्याची एक खोली दुसऱ्याच्या खोलीस पाठ लावून उभी आहे त्याचीही तीच. ज्याच्या घरांत जागा नाहीं, त्यालाच बाहेरच्या जागेची अधिक गरज असते, आणि बहुधा त्याच्याच वस्तीपासून बाग सर्वांत दूर असते.

मुलींची गोष्ट तर आणखी निराळी आहे. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे या तीन विदुषींनीं मुंबईंतील स्त्रियांच्या वावराचा अभ्यास करून २०११ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, पुरुष रस्त्यावर वा बागेंत उगीच उभा राहूं शकतो. स्त्रीस मात्र आपण कांहीं कामासाठीं आलों आहों असें दाखवावें लागतें. हें खरें कीं खोटें, हें आमच्या वाचकांनीं जवळच्या मैदानावर एका संध्याकाळीं उभें राहून स्वतःच मोजावें: खेळणारीं मुलें किती व मुली किती? मैदान सर्वांसाठीं आहे अशी पाटी असूनही अर्धीं माणसें तेथें दिसत नसतील, तर तें दार अर्धेंच उघडलें आहे.

कोणी म्हणतील, जागा अगदींच मोकळी सोडली तर लोक ती घाण करतात. म्हणून कुलूप बरें. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. मुंबईच्याच उत्तरेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारें १०० चौरस किलोमीटरांच्या त्या अरण्यांत बिबटे आहेत, विहार व तुळशी हे तलाव आहेत, कान्हेरीचीं लेणीं आहेत, आणि पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या वारली बांधवांचे पाडेही आहेत. तेथें कोणीही, केव्हांही, कोठेंही जावें असें म्हणतां येणार नाहीं. तेथील मर्यादा वनासाठीं व तलावांच्या स्वच्छ पाण्यासाठीं आहे, आणि तें पाणी शहराच्या उपयोगाचें आहे. मर्यादा सर्वांस सारखी असली व तिचें कारण सर्वांस पटण्यासारखें असलें, तर तीस कोणी कुलूप म्हणणार नाहीं. परंतु कुलूप लावून आंत थोड्या वर्गणीदारांसाठीं क्लब बांधणें ही गोष्ट वेगळी. स्वच्छता राखण्याचा दुसराही मार्ग आहे. ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली असतां, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत भोंवतालच्या नागरिकांनीं न्यायालयांत दाद मागितली, देखभालीचा भार उचलला व मैदान सुधारलें. तेथें आजही मुलें क्रिकेट खेळतात. २०१८ सालीं ह्या मैदानासह भोंवतालच्या इमारतींस जागतिक वारशाचा मान मिळाला.

मोकळ्या भुईचें आणखी एक मूक काम आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व शहर बुडालें. इतका पाऊस कोणत्याही मैदानास सर्वच्या सर्व शोषून घेतां आला नसता. तथापि सिमेंटाखालीं गेलेली जमीन थेंबभरही पाणी पीत नाहीं, हें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें. मैदानांत कधीं पाऊल न टाकणारा मनुष्यही अशा रीतीनें मैदानाचा ऋणी असतो.

आपण काय करावें?

विद्यार्थिमित्रहो, मैदानें निर्माण करणें तुमच्या हातीं नाहीं; परंतु असलेल्या मैदानांविषयीं विचारणें तुमच्या हातीं आहे. आपल्या घराजवळचें एक मैदान अथवा बाग घ्या आणि चार प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून काढा. येथें येण्यास पैसा, वर्गणी वा परवानगी लागते काय? सर्वांत गरीब वस्तीपासून तें चालत किती मिनिटांवर आहे? कामकरी मनुष्य मोकळा होतो त्या वेळीं त्याचें दार उघडें असतें काय? आणि येथें कोण येत नाहीं? ह्यांपैकीं चवथा प्रश्न सर्वांत कठीण, कारण जो येत नाहीं तो दिसत नाहीं. त्यासाठीं आपल्याच वर्गांत व आपल्याच आळींत चौकशी करावी लागेल. अशी वही नगरसेवकापुढें ठेवली, तर तोंडी तक्रारीपेक्षां तिचें वजन खचित अधिक पडेल. १८८१ सालच्या त्या तरुणांनीं तरी दुसरें काय केलें होतें?

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा असो वा मुलगी, दिवसाकांठीं अर्धा तास तरी त्यांस आकाशाखालीं जाऊं द्यावें. आणि शेजारच्या ज्या मुलास सोबत नाहीं, त्यासही हांक मारून बरोबर न्यावें.